एसेनकुलला आधी लगाम दिसतो

रविवारच्या भर बाजारात, शे-दोनशे मेंढ्या आणि तेवढ्याच माणसांच्या साक्षीनं एसेनकुलनं बेरमेतसमोर कमरेचा पट्टा सैल केला, तेव्हा मी वीस पावलांवर कुरुतच्या, वाळवलेल्या दह्याच्या, खारट गोळ्या चाखून बघत होते.

“एजे, आज कोणती बाजू?” थोरल्या बहिणीला विचारावं तसं त्यानं सालसपणे विचारलं आणि पाठ करून उभा राहिला.

बेरमेतच्या हातात नुकतेच घेतलेले रबरी बूट होते. तिनं बाजू निवडली आणि एक बूट सणसणीत हाणला.

“मेल्या, लाज नाही वाटत? दिवसाढवळ्या!”

मी तोंडातली गोळी तशीच गिळून धावले. तोवर गर्दी जमलीच होती. एक जण ओरडत होता, पोलिसाला बोलवा. दुसरा म्हणत होता, आधी तिला दुसरा बूटही मारू द्या. एसेनकुल एका हातानं पट्टा धरून बेरमेतच्या कोटाकडे टक लावून बघत होता. लागलं होतं त्याला, पण त्याहून जास्त तो बुचकळ्यात पडला होता.

“बेरमेत, थांब! चूक माझी आहे,” मी मध्ये पडले.

“तुमची? तुम्ही सांगितलंत याला पट्टा सोडायला?”

“दर महिन्याला सांगते.”

हे बोलून मी प्रकरण आणखीच बिघडवलं. मागून कुणीतरी शिट्टी घातली.

मग मेंढ्यांच्या घोळक्यात उभं राहून मला सगळं उलगडून सांगावं लागलं. मी क्लारा, आत-बाशीच्या दवाखान्यात नर्स. एसेनकुलला स्किझोफ्रेनिया आहे, आणि महिन्यातून एकदा मी त्याला कमरेखाली सुई टोचते. अकरा हिवाळे मी एकच हिरवा कोट घातला, पिवळ्या बटणांचा. गेल्या आठवड्यात मुलीनं नवा पाठवला म्हणून जुना बेरमेतला देऊन टाकला, सोबत माझी काळी पिशवीही. आता तोच कोट आणि तीच पिशवी घेऊन ती बाजारात आली होती.

“म्हणजे यानं मला कोटावरून ओळखलं?” बेरमेत म्हणाली.

“कोट, बटणं आणि पिशवी.”

“आणि तोंड? माझं तोंड काय तुमच्यासारखं आहे?”

ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान, गालावर अजून लाली टिकवून असलेली. उत्तर एसेनकुलनं दिलं.

“तोंडापर्यंत मी अजून पोचलो नव्हतो.”

बेरमेतनं हसू दाबायचा बराच प्रयत्न केला. तिला ते जमलं नाही.

एसेनकुल तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत तो नारीन ते कोचकोर मिनीबस चालवायचा, आणि बरी चालवायचा. मग एका वसंतात त्याला काहीतरी होऊ लागलं. गाडीत मागे कोणी बोलत नसताना बोलणं ऐकू येई. पण बोलण्याच्याही आधी डोळ्यांनी दगा दिला होता, हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. आरशाला टांगलेला ताईत, काचेवरची चीर, काचेवर आपटलेली माशी, घाटातला दगड, समोरून येणारा ट्रक, सगळं सारख्याच आवाजात ‘माझ्याकडे बघ’ म्हणू लागलं. मोठं काय, बारीक काय, जवळचं काय, लांबचं काय, डोळे निवडच करीनात.

एके दिवशी दोलोन घाटाच्या माथ्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि खाली उतरून गवतात बसला. गाडीत चौदा माणसं आणि एक मेंढी.

“काय झालं रे? पंक्चर?” लोकांनी विचारलं.

“नाही. रस्ता तुकड्या-तुकड्यांत येतोय.”

“म्हणजे खड्डे?”

“खड्डे नाहीत. रस्ताच एक राहिला नाहीये.”

मेंढीवाली बाई त्याला तासभर शिव्या देत होती, कारण तिच्या भाचीच्या लग्नाचं जेवण मेंढीसकट घाटात अडकलं होतं. शेवटी दुसरा ड्रायव्हर आला आणि गाडी खाली नेली. लोकांनी त्याला वेडा म्हटलं, दारुडा म्हटलं. माझ्या मते त्या दिवशी त्यानं चौदा माणसं वाचवली. मेंढी काही वाचली नाही, पण ती तशीही वाचणार नव्हती.

पुढे चार महिने तो मोठ्या इस्पितळात होता. औषधांनी कानातले आवाज हळूहळू विझले. संशय गेला, झोप आली, वजनही आलं. डोळ्यांची खोड मात्र राहिली, आणि लक्ष एका जागी धरायची ताकद अर्धीच परत आली. हे आजाराचंच अंग आहे, पण ते कुणाला दिसत नाही. आवाज ऐकणारा माणूस लोकांना समजतो. टेबलावरची मीठदाणी समोर असून न सापडणारा माणूस त्यांना आळशी वाटतो.

“कसं दिसतं तुला, सांग ना,” मी एकदा सुई भरता भरता विचारलं होतं.

त्यानं बराच विचार केला. “एजे, तुम्हाला आधी घोडा दिसतो, मग लगाम. मला आधी लगाम दिसतो. मग नाल. मग शेपटीतली गाठ. घोडा सगळ्यात शेवटी येतो. तोवर घोडा निघून गेलेला असतो.”

असा तो चौदा वर्षं घरात बसून होता, आई सेइदे आपाजवळ. सेइदे आपा जुन्या सामूहिक गोठ्यातली गवळण, आवाज असा की गाय दुसऱ्या डोंगरावरून परतायची. मुलानं काही काम करावं असं तिला वाटे, आणि काही करायला गेला की तीच ओरडे, “ठेव ते! सांडशील!” तो ठेवायचा, आणि ठेवता ठेवता सांडायचं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बेरमेत दवाखान्यात आली. दारातच उभी राहिली.

“त्या बायकेला जोरात लागलं का हो?” इथं वडीलधाऱ्या पुरुषाला ‘बायके’ म्हणतात, आपल्या दादासारखं.

“बसताना जरा एका कुशीवर बसतोय.”

तिनं ओठ चावले. बेरमेतचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला होता. त्यानंतर तिनं जुन्या ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये नमद्याचा, लोकर लाटून केलेल्या जाड कापडाचा, कारखाना काढला होता, ती धरून पाच बायका. “माझ्याकडे पाणी तापवायला आणि लोकर उचलायला माणूस हवाय,” ती म्हणाली. “बायकांच्या कमरा गेल्यात. पण तो पट्टा नीट बांधून आला पाहिजे.”

सेइदे आपाला हे सांगायला मी गेले, तर तिनं पहिल्यांदा मलाच झापलं. “बूट मारणाऱ्या बाईकडे पाठवू माझ्या पोराला?”

“आपा, बूट तिनं चुकून मारला.”

“चुकून इतका नेमका बसतो?”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच त्याला गॅरेजच्या दारापर्यंत सोडलं, आणि बेरमेतला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं जसं विकायला आणलेल्या गाईला न्याहाळतात.

पहिला महिना सगळ्यांनाच जड गेला. गॅरेजात एकाच वेळी रेडिओ चालू, किटली शिट्टी मारतेय, लोकर पिंजणाऱ्या दोघी सुनांची गाऱ्हाणी सांगतायत, बाहेर कुत्रं. बेरमेत म्हणायची, “बायके, ती बादली घ्या, मोठ्या पातेल्यातलं पाणी ओता, आणि येताना तपकिरी लोकर आणा.” एसेनकुल बादली घ्यायचा आणि मध्येच उभा राहायचा, बादलीच्या कडीकडे बघत. लोकर राहिली, पाणी राहिलं. पाच मिनिटांनी कुणी विचारलं तर म्हणायचा, “कडीला गंज चढलाय.” कडीला गंज चढलेलाच असायचा. हे त्याचं आणखी चिडवणारं होतं, तो खोटं कधीच बोलायचा नाही.

मग कापण्याचा घोटाळा झाला. शिरदाक, म्हणजे नमद्याचा गालिचा, करताना दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून मेंढ्याच्या शिंगाची नक्षी एकदमच कापतात. लाल शिंग काळ्याच्या खाचेत बसतं, काळं लालच्या. त्या दिवशी एक जण आजारी म्हणून बेरमेतनं सुरी एसेनकुलच्या हाती दिली. “खडूच्या रेघेवरून कापायचं, बस.” नमद्यावर खडूची रेघ होती, घडीची रेघ होती, आणि खिडकीच्या गजाची सावली होती. एसेनकुलनं तिन्ही रेघा सारख्याच मनावर घेतल्या. बेरमेत परत आली तेव्हा तीन आठवडे लाटलेल्या नमद्यातून गजाची सावली अतिशय सफाईनं कापलेली होती.

“हे काय आहे?” ती किंचाळली. “हे शिंग आहे?”

“कुठलं शिंग? तुम्ही रेघ म्हणालात.”

“अहो, एवढं ढळढळीत शिंग दिसत नाही?”

“लाल ते शिंग का काळं ते शिंग?”

बेरमेतनं लालवर बोट ठेवलं, मग काळ्यावर, कारण शिरदाकात लालही शिंग असतं आणि काळंही. मग तिनं सुरी काढून घेतली आणि गॅरेजबाहेर जाऊन कुत्र्यावर ओरडून आली.

त्याला काढून टाकेल असं मला वाटलं. तिनं मला बोलावून घेतलं खरं, पण चहा ओतून विचारलं, “याला नेमकं काय जमत नाही ते मला सांगा. ‘आजारी आहे’ असं नका सांगू, ते मला माहिती आहे.”

चौदा वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं, मोठ्या इस्पितळातल्यांनीसुद्धा नाही. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. ती सांगताना दुसरं कुणी बोलायचं नाही. समोर पसारा नको. फिकटावर फिकट दिलं तर त्याला सापडत नाही, पांढऱ्या लोकरीखाली काळं कापड घालायचं. आणि वेळ द्यायचा.

दुसऱ्या दिवशी बेरमेतनं गॅरेजच्या कोपऱ्यात दोरी बांधली आणि तिच्यावर घोंगडी टाकली. आत एक स्टूल, एक टेबल, टेबलावर काळं कापड, समोर कोरी भिंत. काम लोकर निवडायचं, काडी-कचरा काढून रंगाप्रमाणे ढीग लावायचे. बायकांनी त्या कोपऱ्याचं नाव ‘मंत्रालय’ ठेवलं.

“मंत्रीसाहेब आहेत का?” घोंगडीबाहेरून आवाज यायचा.

“अर्ज द्या,” आतून उत्तर यायचं. “एका वेळी एकच.”

हा माणूस विनोद करतो हे आत-बाशीला तेव्हा कळलं. रेडिओ दुपारच्या जेवणापर्यंत बंद राहू लागला. सुनांची गाऱ्हाणी काही बंद झाली नाहीत, पण बायका ती कुजबुजत सांगू लागल्या, त्यामुळे ती आणखी चवदार झाली. आणि घोंगडीआडून लोकरीचे जे ढीग निघू लागले ते बघून उपेल चाट पडली. उपेल म्हणजे लोकर मिसळणारी आणि रंगवणारी बाई, तीस वर्षांचा हात. करड्या लोकरीच्या तिच्या चार जाती होत्या. एसेनकुलनं नऊ केल्या.

“नऊ नसतात,” उपेल म्हणाली.

“मोजा,” एसेनकुल म्हणाला. तिनं मोजल्या. नऊ होत्या.

त्या हिवाळ्यात राजधानीहून डॉक्टर मीरगुल आली. तरुण, उत्साही, बरोबर पेटीभर कार्डं आणि खेळणी. या आजारात नजर आणि लक्ष कसं चालतं ते ती जिल्ह्याजिल्ह्यांत तपासत होती. एसेनकुल आला, त्याला एकट्याला रस्ता ओलांडू द्यायचा नाही म्हणून बेरमेत आली, आणि बेरमेत एकटीच कशी म्हणून सेइदे आपाही आली.

आधी कागदभर अक्षरं दिली, त्यातलं एकच अक्षर शोधून खोडायचं. माझं दोन मिनिटांत झालं. एसेनकुलला नऊ मिनिटं लागली आणि तरी अर्धी अक्षरं सुटली. ठिपक्यांमधून आकार ओळखायचा होता. बेरमेतला लगेच मासा दिसला. एसेनकुल म्हणाला, “ठिपके आहेत. मासा तुम्ही घरून आणलात.” सेइदे आपा मागे बसून सुस्कारे टाकत होती, जणू शाळेचा निकाल लागतोय.

मग डॉक्टरनं पेटीतून नवीन वर्षाच्या म्हाताऱ्याचा, नाताळबाबासारखा, मुखवटा काढला, लाल गाल, पांढरी दाढी. फडताळावर ठेवला, खालून दिवा लावला आणि आम्हाला पाच पावलं मागे नेऊन एक डोळा झाकायला सांगितला.

“नाक कुठं आहे? पुढे आलंय का आत गेलंय?”

“पुढे,” मी म्हणाले.

“पुढे,” बेरमेत म्हणाली.

“एवढं मोठं नाक! पुढेच,” सेइदे आपा म्हणाली. चौकीदार शेगडीत कोळसा घालायला आला होता, त्यानंही डोळा झाकला. “पुढे. माझ्याकडेच बघतोय मेला.”

“आत,” एसेनकुल म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे दयेनं बघितलं.

“अहो, आत आहे. खड्डा आहे तो. वाडग्यासारखा. तुम्ही बघताय काय?”

“बाळा,” सेइदे आपा हळूच म्हणाली, “डॉक्टरबाईंसमोर हट्ट करू नये.”

डॉक्टर चौकीदाराला म्हणाली, जा, नाक धरा. तो गेला, हात पुढे केला, आणि त्याची बोटं नाकाच्या जागेतून थेट आत गेली. “तोबा! तोबा!” करत तो असा मागे उडाला की कोळशाची बादली लवंडली. मुखवटा उलटा ठेवलेला होता. आतली पोकळ बाजू आमच्याकडे होती, तीसुद्धा डॉक्टरनं रंगवलेली.

चौकीदारानं पुन्हा लांबून बघितलं. नाक पुन्हा पुढे आलं. “आता हात घातला तरीही पुढेच!” तो कळवळून म्हणाला.

डॉक्टर मीरगुलनं समजावलं. आपण नुसत्या डोळ्यांनी बघत नाही, सवयीनं बघतो. चेहऱ्याचं नाक पुढे असतं हे डोकं आधीच ठरवतं आणि डोळ्यांना गप्प करतं. या आजारात पुष्कळदा ते ठरवणं सैल पडतं, सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं. “म्हणून तो इथं फसला नाही,” ती म्हणाली, “आणि बहुतेक त्याचमुळे बाजारात हरवतो. कोट आणि माणूस यांची मोट बांधणारं कुणी आत जागेवर नसतं. ही काही देणगी नाही. पण वेडेपणाही नाही.”

सेइदे आपा घरी जाताना दर दहा पावलांवर म्हणत होती, “आत होतं. माझ्या पोराला एकट्याला दिसलं.” तिसऱ्या घरापर्यंत गावाला बातमी लागली होती.

उन्हाळा लागायच्या आधी बेरमेतला मोठं काम मिळालं. इसिक-कुल सरोवराकाठच्या एका पाहुणघरासाठी दोन शिरदाक, एकमेकांशेजारी अंथरायचे. मधला भाग दोन्हीचा सारखा हवा, करड्या-तपकिरी लोकरीचा, ढगाळ, जसा मेंढीच्या अंगावर असतो तसा. काठ वेगवेगळे. एकाला साधा तपकिरी काठ, दुसऱ्याला काळ्या-पांढऱ्या शिंगांचा दाट काठ. पाच जणींनी सात आठवडे टाके घातले. शेवटचा टाका पडल्यावर दोन्ही शेजारी अंथरले आणि सगळ्या मागे सरून बघू लागल्या.

बेरमेत दोनदा इकडून तिकडे फिरली.

“उपेल,” बेरमेत म्हणाली, “हा फिका का आहे?”

शिंगांच्या काठाच्या शिरदाकातला मधला भाग खरंच फिका दिसत होता. साध्या काठाच्या आतले ढग ठसठशीत, याच्यातले धुतल्यासारखे.

“मी सारखंच मिसळलंय,” उपेल म्हणाली.

“डोळे आहेत ना तुम्हाला?”

“तुझ्या जन्माआधीपासून आहेत! तुझ्याच बायकांनी धुताना उकळतं पाणी ओतलं असेल.”

पुढचा अर्धा तास मी लिहीत नाही. त्यात सगळ्यांच्या माहेरांचा उल्लेख झाला. शेवटी बेरमेत कात्री घेऊन गुडघ्यावर बसली, मधला भाग उसवायचा आणि नवा घालायचा. सात आठवड्यांचे टाके.

घोंगडी हलली. एसेनकुल बाहेर आला, कारण भांडणात त्याचं काम कधीच थांबलं होतं. त्यानं एका शिरदाकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं.

“काय उसवताय?”

“फिका आहे तो भाग.”

“कोणापेक्षा?”

“बायके, आत जा,” बेरमेत थकून म्हणाली.

“सारखेच आहेत,” एसेनकुल म्हणाला. “एकाच ढिगातले. ढीग मीच लावलाय, चौथा करडा आणि सातवा. इथंही तेच, तिथंही तेच.”

“आम्हा पाच जणींना दिसतंय की फिका आहे!”

“नाकही चौघांना दिसलं होतं.”

बेरमेतचा हात थांबला. ती मुखवट्याच्या दिवशी तिथं होती. एसेनकुलनं रद्दीतलं वर्तमानपत्र घेतलं, नळी गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. “यातून बघा. काठ दिसू देऊ नका.”

तिनं नळी डोळ्याला लावली, आधी इकडे, मग तिकडे, मग परत इकडे. नळी काढली, फिका. नळी लावली, सारखा. दाट काठाच्या शेजारामुळे मधले ढग दबून दिसत होते, एवढंच. शेजारी मोठ्यानं बोलणारा असला की आपला आवाज बसतो तसं. त्यानंतर बाकीच्या जणी रांगेत उभ्या राहून नळीतून बघत होत्या, आणि उपेल प्रत्येकीच्या कानाशी जाऊन विचारत होती, “मग? माझ्या माहेराबद्दल काय म्हणालीस?”

पाहुणघराची मालकीण आली तेव्हा तीही म्हणाली, “हा जरा फिका वाटतो.” बेरमेतनं मुकाट्यानं वर्तमानपत्राची नळी पुढे केली.

यानंतर एसेनकुल सगळ्यांचा डोळा झाला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याच आठवड्यात तो हरवला. सेइदे आपा एकीकडे कुणा मयताच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेली होती आणि त्यानं संध्याकाळच्या आत तिला आणायला जायचं होतं. वाटेत त्याला तिच्यासारखाच डोक्याला बांधलेला जांभळा रुमाल दिसला, तो रुमालामागे मिनीबसमध्ये चढला आणि भलत्याच गावात भलत्याच घरात उतरला. तिथंही कुणीतरी वारलं होतं. लोकांनी त्याला मिठी मारली, तो रडला. त्यांनी त्याला मानाच्या जागी बसवलं, बेशबारमाक, मटण-शेवयांचं जेवण, वाढलं, निघताना मटणाचा चांगला तुकडा बांधून दिला आणि गाडीत बसवून दिलं.

“कुणाकडे गेला होतास?” सेइदे आपा कपाळ बडवत म्हणाली.

“माहीत नाही. पण माणूस फार चांगला होता. सगळे रडत होते.”

तो तुकडा आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला.

त्या शरदात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. शिरदाकाच्या गोष्टीनं त्याचं जे कौतुक झालं ते त्यानं मनात धरून ठेवलं, आणि त्याला वाटू लागलं की सुईमुळे डोळे मंद होतात, सुई नसती तर दहावा करडाही दिसला असता. त्या महिन्यात त्यानं निरोप पाठवला की सर्दी आहे. पुढल्या महिन्यात मी घरी गेले तर तो मागच्या दारानं निघून गेला. मी आणखी जोर करायला हवा होता. केला नाही, ही माझी चूक.

बेरमेतच्या आधी लक्षात आलं. मंत्रालयातून विनोद येईनासे झाले. मग एका दुपारी तो घोंगडीआडून बाहेर आला आणि भिंतीवर टांगलेल्या शिरदाकाकडे बोट दाखवून म्हणाला, “हे माझं नाव का लिहिलंय?”

“कुठं?”

“शिंगांमध्ये. लाल शिंग म्हणतंय, काळं ऐकतंय.”

बेरमेतनं वाद घातला नाही. बायकांना बाहेर पाठवलं, तो शिरदाक उतरवून उलटा गुंडाळला, भिंत कोरी केली, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. “एकच गोष्ट सांगते,” ती म्हणाली. “मी इथं बसलेय. उठणार नाही.” माझ्याकडे उपेल धावत आली. मी पोचले तेव्हाही ती तशीच बसली होती. त्यानं सुई घ्यायला दीड तास लावला. पूर्ण सावरायला हिवाळा गेला, त्यातले तीन आठवडे इस्पितळात. बेरमेत दर गुरुवारी बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून घेऊन जायची, आणि सेइदे आपा तिच्याबरोबर मिनीबसमध्ये बसून सगळी वाट बोरसोकमध्ये मीठ कमी आहे असं सांगायची.

इस्पितळातून आल्यावर तो पहिल्यांदा गॅरेजात गेला तेव्हा मीही बरोबर होते. घोंगडी जागेवर होती, टेबल पुसलेलं होतं. बेरमेत पातेल्यात काठी फिरवत उभी होती, केस डोक्यावर बांधलेले, चेहरा वाफेनं लाल.

“माझं तोंड तरी ओळखता का आता?” तिनं विचारलं. थट्टेनंच विचारलं, पण काठी थांबली.

तो तिच्याकडे बघत राहिला. नेहमीप्रमाणे त्याला वेळ लागला.

“आधी डावी भुवई येते,” तो म्हणाला. “मग हनुवटीवरचा तीळ. मग दात, हसलीस तर. मग सगळं मिळून येतं. मला घाई नाही.”

पातेल्यातलं पाणी उतू गेलं, तरी बेरमेतची काठी हलली नाही. त्या दिवसापासून तिनं त्याला ‘बायके’ म्हणणं सोडलं, नुसतं एसेनकुल म्हणू लागली. आणि ज्या गावात कुत्र्याला पिल्लं झाली तरी तीन दिवस चर्चा होते, त्या गावाला हे संध्याकाळच्या आत कळलं.

लग्न जूनमध्ये झालं. जेवण मोठं ठेवलं नाही, बेरमेतनं सगळ्यांना बजावलं होतं की एका वेळी एकानंच अभिनंदन करायचं, रांगेत. रांग रस्त्यापर्यंत गेली. सेइदे आपा सुरुवातीला म्हणत होती, विधवा बाई, जिभेची तिखट, हाताची त्याहून तिखट. नंतर म्हणू लागली, माझ्या पोराला हिनंच माणसात आणलं, पण हे ती बेरमेत घरात नसतानाच म्हणते.

एसेनकुल आता एकोणपन्नास वर्षांचा आहे. कापायला सुरी तो अजून हातात घेत नाही, गाडी कधी चालवणार नाही, आणि पत्र वाचायचं तर ओळीखाली पट्टी ठेवतो. सुई चुकवत नाही. लोकरीचे ढीग आता तो बारा करतो, त्यातले तीन उपेलला दिसत नाहीत, पण ती हो म्हणते. उन्हाळ्यात महिनाभर ते तिघं वरच्या कुरणात तंबू ठोकतात. तिथं गवत असतं, आभाळ असतं, आणि बघायला फारसं काही नसतं. एसेनकुल सांगतो, तिथं त्याचे डोळे बसून पाय पसरतात.

मी मागच्या महिन्यात दोन दिवस राहून आले. तंबूत भांडण चाललं होतं. सेइदे आपाचं म्हणणं की बेरमेत चहात दूध कमी घालते आणि मुलगा वाळत चाललाय. बेरमेतचं म्हणणं की आपा चहाच्या नावाखाली दूधच देतात आणि त्यामुळे त्याचा पट्टा पुरत नाही. आपा म्हणाली, मी वेगळी चूल मांडते. बेरमेत म्हणाली, मांडा, पाणी मी आणून देते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खरंच दोन चुली, मध्ये जेमतेम चार पावलं. एसेनकुल दोन्हींच्या बरोबर मधोमध बसला होता, दोन्ही हातांत एकेक वाडगा घेऊन, आणि दोघी त्याला विचारत होत्या की कुठला बरा झालाय.

“थांबा,” तो म्हणाला, “अजून वासापर्यंतच आलोय.”